सहा डब्यांची हजेरी

...नाही, नाही, हसू नका, आधी ऐकून घ्या! परक्यानं दगा दिला तर माणूस एक वेळ समजू शकतो. पण ज्यांना अकरा वर्षं पोटच्या पोरांसारखं सांभाळलं, ज्यांना पलंगाखालची कोरडी जागा दिली आणि स्वतःची ट्रंक गच्चीवर भिजू दिली, त्या डब्यांनी माझा केसानं गळा कापावा? डबे म्हणजे खाऊचे नव्हेत हो! पत्र्याचे, राखाडी, सहा. एकेकातून सोळा वायरी निघतात, आणि एकेका वायरीला दिव्यांची एक माळ. वर्षअखेरच्या सुट्ट्या लागल्या की आमच्या घराच्या दर्शनी भिंतीवर दिवे गाण्याच्या तालावर नाचतात ना, त्यांना हे डबे नाचवतात. डब्यांना कॉम्प्युटर नाचवतो. आणि कॉम्प्युटरला मी! म्हणजे असा माझा समज होता. तुम्हीच सांगा, भरवसा ठेवायचा तरी कुणावर?

तर झालं काय, जुना कॉम्प्युटर एका सकाळी गेला. कण्हला नाही, कुरकुरला नाही, सरळ गेला. मग जावईबापू आले नवीन घेऊन. भले गृहस्थ, पण एक खोड आहे, त्यांच्याकडे सगळं एका मिनिटात होतं. ‘बाबा, एका मिनिटात नवीन सॉफ्टवेअर टाकतो, तुमची जुनी गाणी, जुनी नक्षी, सगळं आपोआप येईल!’ आलं की! पडद्यावर आमचं घर, पायऱ्या, खिडक्या, सगळं कसं झकास नाचतंय... आणि बाहेर जाऊन बघतो तर भिंत काळीठिक्कर! ‘डबे जुने झालेत हो, बाबा,’ असं म्हणाले, आणि तेवढ्यात त्यांची गाडी सुटायची वेळ झाली. एका मिनिटात गेलेसुद्धा.

एरवी मी म्हटलं असतं, जाऊ दे, यंदा नाही तर नाही. पण यंदा जाऊ देणं शक्यच नव्हतं. समोरच्या घरात, पहिल्या मजल्यावर, माझी अक्का राहते. थोरली बहीण. मांडीचं हाड मोडल्यापासून खिडकीपाशी पलंगावरच असते, आणि पहिल्या दिवसाचा खेळ तिनं अकरा वर्षांत एकदाही चुकवला नाही. सुट्ट्या संपल्या की भाचा तिला घेऊन जाणार, कायमची, आठ तासांवर. मी तिचा हात धरून सांगितलं, ‘अक्का, शनिवारी संध्याकाळी सात वाजता.’ तर म्हणते, ‘तुझ्या त्या दोन खिडक्या जोडीनं डोळे मिचकावतात ना, तेवढं एकदा बघितलं की मी जायला मोकळी.’ आता असं कुणी बोलतं का हो?

म्हणून लावला मदतकेंद्राला फोन. बाईंचा आवाज असा गोड की मधुमेह व्हावा. ‘सर, आपली उपकरणं आता आमच्या यादीत नाहीत. आपण नवीन का घेत नाही?’ अहो बाई, मी चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या! सातव्या मजल्यावर माणूस अडकला म्हणून त्याला कधी म्हणालो का, की साहेब, आपण नवीन इमारत का घेत नाही? ‘आणखी काही मदत करू शकते का, सर?’ आणखी? आणखी म्हणजे? पहिली कुठे झाली? ज्यांनी डबे बनवले तेच ओळख दाखवेनात, मग भरवसा ठेवायचा तरी कुणावर?

शेवटी बसलो स्वतःच. तीन दिवस. जेवण तिथंच, चहा तिथंच, चष्मा डोक्यावर आणि मी तो घरभर शोधतोय... आणि मिळालं हो! नवीन सॉफ्टवेअर बोलतं भरभर, आणि हे जुने जीव, यांना सावकाश बोललेलं कळतं. वेग कमी केला मात्र, चार डबे उठून बसले! पायऱ्या लागल्या, छत लागलं, फाटक लागलं, कठडा लागला. राहिले दोन. कोणते? डाव्या खिडकीचा आणि उजव्या खिडकीचा! नेमके अक्काचे! पडद्यावर लिहून येतंय, ‘डबा क्रमांक तीन सापडत नाही.’ सापडत नाही? अरे, माझ्या मांडीवर आहे तो! वायरी बदलल्या, धूळ पुसली, गोडीत बोललो, मग गोडीत नाही बोललो... ढिम्म!

तेव्हा आमची ही दारात येऊन उभी. तीस वर्षं शाळेत बाई होती, अजून दारात उभी राहिली की मला गृहपाठ राहिल्यासारखं वाटतं. म्हणाली, ‘अहो, त्या दोघांना एकच नंबर दिलायत ना तुम्ही?’ दिलाय! मुद्दाम दिलाय! दोघंही तीन नंबर, म्हणजे एक हुकूम सुटला की दोघांनी पाळायचा, म्हणून तर त्या खिडक्या जोडीनं मिचकावतात. अख्ख्या गल्लीत अशी युक्ती कुणाला सुचली असती का? तर म्हणते, ‘तुमचा जुना कॉम्प्युटर नुसते हुकूम सोडायचा, उत्तर ऐकायचाच नाही... तुमच्यासारखा. नवीन आधी हजेरी घेतो. तीन नंबर पुकारला की हे दोघं एकदम ओरडतात, हजर! त्याला ऐकू येतो नुसता गलका, आणि तो लिहून टाकतो, गैरहजर. एकाला सहा नंबर द्या आणि नक्षी दोघांना सारखी द्या, झालं!’ आता मला सांगा, विजेच्या कामात शाळेची हजेरी कुठून आली? मी म्हटलं, ‘अगं, तू तुझं विणकाम बघ.’ ती नुसती हसली आणि विणकामाला बसली. अहो, ती हसली तिथंच मी सावध व्हायला हवं होतं!

शनिवारी दुपारी हात टेकले. जरा पाठ टेकावी म्हणून पडलो, उठतो तर पाच! धावत जाऊन बघतो तर पडद्यावर सहाच्या सहा डबे हिरवेगार! मी त्या तीन नंबरच्या डब्याचा मुकाच घेतला. म्हटलं, आलास ना शुद्धीवर, शेवटी खाल्ल्या मिठाला जागलास! सातच्या ठोक्याला गाणं लागलं, खिडक्यांनी जोडीनं डोळे मिचकावले, गल्ली टाळ्या वाजवतेय, आणि मी जमलेल्या लोकांना समजावून सांगतोय, ‘अनुभव लागतो, अनुभव!’

तेवढ्यात अक्काचा फोन. ऐकू येत होतं, रडत होती, हसत होती. म्हणाली, ‘आता गेले तरी चालेल रे मी. आणि तुझ्या बायकोला सांग, दुपारपेक्षा छान दिसतंय.’ दुपारपेक्षा? ‘अरे, तू घोरत होतास ना, तेव्हा तिनं लावून बघितलं. मी खिडकीतून सांगत होते, डावी लागली, उजवी लागली...’ म्हणजे माझा खेळ, माझ्या घरावर, माझ्याशिवाय, माझ्या घोरण्याच्या तालावर होऊन गेला! सख्खी बायको फितूर, सख्खी बहीण सामील! आता मात्र खरंच सांगा, भरवसा ठेवायचा तरी कुणावर?

परवा अक्का गेली. गाडीत बसताना माझा कान पिळला, साठी उलटली तरी पिळते. घरी येऊन डबे आवरायला घेतले, मोजतो तर पाच! मी ओरडलो, ‘अगं, सहा नंबर कुठाय?’ ही शांतपणे म्हणाली, ‘अक्कांच्या सामानात. तिकडेही खिडकी आहेच की. दोघींचं आधीच ठरलं होतं. आता नंबर वेगळा आहे, भाच्याच्या कॉम्प्युटरवर एकटासुद्धा चालेल तो.’ उजवी खिडकी गेली हो माझी! मी मटकन पलंगावर बसलो. तर हिनं वही काढली, पुढच्या वर्षीची यादी, आणि एकेका डब्यावर हात ठेवत हजेरीच घ्यायला लागली. पायऱ्या, छत, डावी खिडकी, फाटक, कठडा... मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. ‘सहा?’

काय करणार... म्हणालो, ‘हजर!’