डिझेल वाढलं

मला सांगा, यात माझी काय चूक? टेम्पोला डिझेलची नवी टाकी बसवली आणि काटा जो फुल्लवर चिकटला, तो हलेचना. मिस्त्रीने टाकी उघडून काहीतरी खटपट केली आणि म्हणाला, "आता रस्त्यावर चालवून बघा."

त्या दिवशी घोडेगावचा जनावरांचा बाजार. दुकानातली दावी, जनावरांच्या तोंडाला बांधायच्या म्होरक्या टेम्पोत भरून नामदेव ड्रायव्हरला धाडलं. वाटेत पंपावर डिझेल भर, असं बजावलं. बाजार चुकला तर माल आठवडाभर पडून! तासाभराने फोन केला.

"नामदेव, काटा काय म्हणतो?"

"फुल्ल हाय, शेठ."

"आणि डिझेल?"

"डिझेल वाढलं."

म्हटलं, डिझेल भरलं, काटा चढला, काम झालं. खुशीत मिस्त्रीला चहा पाजतोय, तोच नामदेवचा फोन.

"शेठ, डिझेल घिऊन कुनी निघालं का न्हाई? बाजार उठंल आता!"

"अरे, वाढलं म्हणालास ना?"

"मंग काय म्हनू? काटा फुल्ल बघून पंपावर थांबलोच न्हाई. अन् दुकानात 'संपलं' म्हनलं की तुमीच अंगावर येता. लक्ष्मी रुसती, 'वाढलं' म्हनायचं!"

शिकवलं मीच, कबूल. पण ते गल्ल्यासमोर, गिऱ्हाइकादेखत! भर रस्त्यात टेम्पो बंद पडल्यावरसुद्धा?

मी असा तणतणतोय आणि मिस्त्री बशीतला चहा फुंकत म्हणतो, "शेठ, काट्यात दोष न्हाई. तुमच्या दुकानात राहून त्योबी 'संपलं' म्हनंना झालाय."