पप्पांचा काळा कोट

कॉलेजच्या पहिल्या दिवशी काय घालावे, हे निदान मला तरी विचारू नका. आम्ही केडगावचे ख्रिस्ती. माणसाला त्याच्या लग्नाच्या कोटातच पुरायचे, ही आमच्या घरची रीत. पप्पांनी मात्र जाण्यापूर्वी आईला बजावले होते, "मला साधा सदरा चालंल. कोट पोराला कॉलेजात लागंल."

म्हणून मी तो कोट घालून, भर उकाड्यात, दौंडच्या कॉलेजात गेलो. फाटकापाशी एकाने विचारले, "काय नवरदेव, वऱ्हाड कुठं ऱ्हायलं?" सगळे हसले. तरीही दिवसभर मी कोट उतरवला नाही.

घरी आल्यावर आईने विचारले, "काय म्हणाली रं पोरं?"

"शोभतो म्हणाली."

आईने डोळे पुसले आणि कोट झटकून उद्यासाठी खुंटीला अडकवला.