उगवलं का, ताई?

माझं माहेर लोणी काळभोरचं, घरी ऊस, थोडी फुलशेती. मी लॅबचा कोर्स केला आणि पुण्यात एका मोठ्या दवाखान्यात लागले, ती अजून तिथंच हाय. रक्तात न्हाईतर हाडातल्या मगजात बुरशी हाय का बघायची, हे माझं काम. बुरशी म्हटलं की लोकांना शिळी भाकरी आठवती, माणसाच्या हाडात ती कशी शिरंल, हे आमच्या आईलाबी अजून पटत न्हाई. पण शिरती. आमी मगज बाटलीत पेरतो आणि बुरशी उगवती का त्याची वाट बघतो, कधी कधी महिनाभर. पेशंट बरा होऊन जाऊ दे न्हाईतर देवाघरी जाऊ दे, मुदत संपल्याबिगर बाटली टाकायची न्हाई, हा आमचा नेम.

काय सांगू तुम्हाला, मार्केट यार्डातल्या एका हमालाची बाटली व्हती. ताप उतरंना, टीबीची औषधं झाली, माणसाचा नुसता सापळा राह्यला. बुरशीवरचं औषध मूत्रपिंडाला जड, म्हणून डॉक्टर खात्रीबिगर देईनात. त्याची बायको मंगल रोज खिडकीशी यायची, म्हणायची, ताई, उगवलं का? मी न्हाई म्हटलं की हात जोडायची, चेहरा खुलायचा. मला कळंना. एकदा विचारलं तर म्हणाली, काही उगवू नये म्हणून देवीला ओटी बोललेय. म्हटलं, अहो वहिनी, उगवलं तरच औषध ठरंल, उगवू दे म्हणा. ती म्हणाली, अगंबाई, मी उलटंच मागत बसले की. मग दोघी एकच मागायला लागलो.

आणि उगवलं. कापसासारखं, पांढरं. मी पळत जाऊन वॉर्डात फोन लावला, तर सिस्टर म्हणाल्या, अहो, ते सकाळीच गेले. बाटली तशीच हातात. मी रडले, खोटं कशाला बोलू.

दहावं उरकून मंगल रिपोर्ट न्यायला आली. मला वाटलं, आता शिव्या घालंल. तर तिनं विचारलं, हे कशानं होतं? डॉक्टर म्हणाले होते, जुन्या गोदामात वटवाघळांच्या घाणीची धूळ असती त्यातून, तेच सांगितलं. ती म्हणाली, मग ह्यांच्या टोळीतला लक्ष्मण, त्यालाबी तसाच ताप हाय. दुसऱ्या दिवशी त्याला हाताला धरून घेऊन आली, तो यायलाच तयार नव्हता. त्याच्या मगजात तेच निघालं, पण आता काय शोधायचं ते डॉक्टरांना ठाऊक व्हतं, औषध वेळेत लागू पडलं.

लक्ष्मण आता हलकं काम करतो, मी यार्डात गेले की भाजीची पिशवी हातातून घेतो. मंगल तिथंच कांदा निवडती. परवा न राहवून म्हटलं, वहिनी, थोडं आधी उगवलं असतं तर. तिनं कांद्यावरची नजर काढली न्हाई. म्हणाली, पेरलं आमच्या ह्यांनी, पण लक्ष्मणच्या लेकरांना बाप राह्यला ना, ताई.

देव तिचं भलं करो. आजबी बाटल्या ठेवून आले, आणि ठेवताना म्हटलं, ज्याला असंल त्याचं उगवू दे, पण वेळेत उगवू दे.