पाहुण्याला वाईट कसं म्हणायचं

माझं माहेर नांदगावकडचं. बाप दुसऱ्याच्या रानात राबायचा, आई बाजारात भाजी विकायची, आणि आईनं एकच शिकवलं, दारात आलेल्या माणसाला तोडून बोलायचं नाय, त्यानं काय आणलं तर नावं ठेवायची नाय. काय सांगू तुम्हाला ताई, त्या शिकवणीपायी माझ्या जावेचं काम गेलं. गेलं म्हणजे मीच घालवलं. सांगते, पण मला एका जागी बसून सांगता येत नाय, तुम्ही बसून लिहा, मी भांडी लावत लावत बोलते.

लग्न करून सातपूरला आले, कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर व्हते. हा उजवा हात बघा, अंगठ्याजवळची दोन बोटं तिथंच राहिली. मग द्राक्षाच्या बागेत जायला लागले, विरळणीला, म्हणजे घडातले जास्तीचे मणी कात्रीनं काढायचे, बाकीचे फुगावे म्हणून. धाकटी जाऊ यमुना, तिलाबी मीच नेलं. तिच्या बोटांचे सांधे सुजतात, मूठ वळत नाय. मुकादम म्हणायचा, आल्या बघा दीड हाताच्या जावा. आम्हीबी हसायचो, काय करता.

मग इथल्याच एका छोट्या वर्कशॉपातली नेहा आली, शिकलेली पोर, बोलायला गोड. म्हणली मावशी, तुमच्यासारख्या हातांसाठी कात्री बनवतोय, तुम्हीच सांगा कशी पाहिजे. ताई, जन्मात मला कुणी विचारलं नव्हतं, तुला कसं पाहिजे. दोघींना वर्कशॉपात नेऊन खुर्चीवर बसवलं, टेबलावर घड ठेवला, चहा दिला, बिस्किटं दिली. कात्री चालवली तर स्प्रिंग कडक. ओठावर आलं व्हतं. पण एवढी पोर उन्हातान्हात घरी न्यायला आली, चहा पाजला, आणि मी नावं ठेवू? म्हणले छान हाय, लय छान हाय. तिनं वहीत लिहून घेतलं आणि तीच कात्री यमुनाला बागेत वापरायला दिली. यमुना म्हणली, जाऊबाई, तुम्ही चांगली म्हणल्या म्हणजे चांगलीच असंल.

आता बागेत काम कसं, तर घड मांडवाला लटकलेला, हात दिवसभर डोक्याच्या वर. टेबलावर कशीबशी चाललेली कात्री वर धरली की मनगटावर जड पडते. दुपारपर्यंत यमुनाच्या बोटांत त्राण राहिलं नाय, कात्री घसरली आणि अख्खा घडच खाली. मग अजून एक. मुकादम म्हणला, उद्यापासून हिला आणू नको. यमुनानं कात्री पुसून माझ्या पिशवीत ठेवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मला जेवण जाईना. तिसऱ्या दिवशी उठले ती सरळ वर्कशॉपात, चप्पल काढायचीबी शुद्ध नाय. म्हणले पोरी, तुझी कात्री वाईट हाय, मी खोटं बोलले. वाटलं, रागवंल. तिनं विचारलं, मग खरं कसं कळणार मावशी? म्हणले मला विचारूच नको. बागेत चल, माझ्या जागी उभी राहा, हात वर कर. आली ती. तासाभरात तिचे दंड थरथरायला लागले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्यानंतर दोन कात्र्या झाल्या, दोन्ही परत गेल्या. काल तिसरी आली. ओळखीच्या बागेत यमुनानं दिवसभर चालवली. संध्याकाळी नेहा विचारती, कशी वाटली? आणि आमची यमुना म्हणती, छान हाय. माझं डोकंच फिरलं. म्हणले मूठ उघड. उघडंना. मनगट धरून तळहात उजेडात केला, तर अंगठ्याच्या मुळाशी टच्च फोड. नेहानं कात्री पिशवीत टाकली, म्हणली, दुरुस्त करून परत आणते. यमुना माझ्यावरच चिडली, पोरीचं तोंड उतरवलं म्हणली.

उतरू दे. भलं होवो त्या पोरीचं, देव तिचे हात शाबूत ठेवो, पण तिनं लवकर यावं. हंगाम चाललाय. सकाळी मुकादमाची गाडी येती, मी चढते, आणि यमुना माझा डबा हातात देऊन दारात उभी राहती. मागं वळून बघवत नाय मला.

तुम्हीबी हे लिहून झालं की वाचून दाखवा ताई. आणि मी छान म्हणले तर धरू नका, आधी माझ्या तोंडाकडं बघा.