लांब घंटी

बर्तील : सत्तावन्न साल होतं ते, अठ्ठावन्न नव्हे. आधी दुरुस्त कर. वीज पडली तेव्हा ऑगस्ट होता, गोठ्याचा माळा नव्या गवतानं गच्च भरलेला.

सोलांज : केलं, काकू. पण मी फक्त तुमच्या जळालेल्या गोठ्याचा जुना फोटो मागायला आलेय. पंचायतीला शंभर वर्षं झाली, म्हणून गावाची ओळख छापतोय. घरं किती, गुरं किती, चर्च, चीजचा कारखाना.

बर्तील : बारावं पान वाच.

सोलांज : ‘सेंत-ओर्सिलमध्ये कुणाचा गोठा जळला की सगळं गाव इर्जिकीला धावतं. नऊ दिवसांत नवा गोठा उभा राहतो. आजवर एकही घर एकटं पडलेलं नाही.’

बर्तील : कुणी लिहिलं?

सोलांज : मीच. पंचायतीची चिटणीस आणखी काय करते?

बर्तील : खाली ओळ घाल. ‘एक घर सोडून. तिसऱ्या रांगेतलं, ओव्हिलाचं.’ माझ्या नवऱ्याचं नाव घालूनच लिही.

सोलांज : काकू, माँट्रियलला गेलेली माणसं सोहळ्याला येतील. त्यांच्या हातात हे द्यायचं?

बर्तील : त्यांच्याच. फार गोड गाव होतं गं. एका घरी डुक्कर कापलं की अकराही घरी ताजं मांस पोचायचं. सगळ्यांचे फोन एकाच तारेवर. आग लागली की हँडल न थांबता फिरवायचं, लांब घंटी, आणि प्रत्येकानं उचलायचा. मी फिरवलं. दहाच्या दहा उचलले. कोण कोण ते मला मागच्या आवाजांवरून कळत होतं. कुणाचं बाळ, कुणाचं कुत्रं, तुमच्याकडची कॅनरी. म्हटलं, गोठा पेटलाय. कुणी हूं केलं नाही. एकेक करून खाली ठेवला.

सोलांज : ओव्हिलाकाकांनी बाबांच्या दुधात पाणी आहे म्हणून सांगितलं होतं. भर कारखान्यात.

बर्तील : दूध तपासायचंच काम होतं त्याचं. पाणी नव्हतं का?

सोलांज : होतं. पण सख्ख्या भावाचं दूध.

बर्तील : पाणी घालणारा भाऊ चालला गावाला, सांगणारा नाही चालला. दुसऱ्या दिवशी मी चाळीस माणसांचं वाटाण्याचं सूप रांधलं. इर्जिकीला जेवण घालायचं, ही रीत. ओव्हिला एकटा तुळईशी झटत होता. तिसऱ्या दिवशी सूप डुकरांना घातलं. मग गाई विकल्या आणि तो लाकूडतोडीला गेला.

सोलांज : आमच्याकडे फोन मी उचलला होता. सात वर्षांची होते. म्हटलं, बाबा, काकांचा गोठा. त्यांनी माझ्या हातातून घेऊन आकड्याला अडकवला.

बर्तील : माहीत आहे. तुला डांग्या खोकला होता तेव्हा, तो तारेवर ऐकला मी.

सोलांज : मग दुसरी लांब घंटीही लिहू का?

बर्तील : कुठली दुसरी?

सोलांज : एकसष्टचा फेब्रुवारी. आई अडली होती. गावातली निम्मी बाळंतपणं तुमच्या हातची, आणि मधे फक्त एक शेत. हँडल मी फिरवलं.

बर्तील : त्या वादळात तारा तुटल्या होत्या.

सोलांज : तारा धड होत्या. तुम्ही उचललात. तुमचं घड्याळ सातला आठ ठोके द्यायचं, गावात तसलं दुसरं नव्हतं. मी ‘काकू, या’ म्हणत होते आणि ठोके मोजत होते. आठ झाले, मग तुम्ही ठेवलात. बाकीचे बर्फ उपसत दोन तासांनी पोचले.



बर्तील : चौतीस वर्षं तोंडातून काढलं नाहीस. दर नाताळला केक घेऊन येत राहिलीस.

सोलांज : तो तुमच्या घशाखाली कसा उतरतो, ते बघायला.

बर्तील : केक चांगला करतेस.

सोलांज : तर मग काय घालू? एक घर सोडून, की दोन घरं सोडून? नुसतं एक मी लिहिणार नाही.

बर्तील : राहू दे. ‘एकही घर एकटं पडलेलं नाही.’ असंच छाप.

सोलांज : बरं. आता शेवटचं पान ऐका, आपल्या घराण्याचं कोण कुठं गेलं ते. ‘ओव्हिला : १९५८, लाकूडतोडीच्या तळावर, झाड अंगावर पडून.’

बर्तील : बरोबर.

सोलांज : ‘दोना, त्यांचा भाऊ : वीस वर्षं चीज कारखान्याचे अध्यक्ष. १९८८, झोपेत.’

बर्तील : झोपेत गेला होय तुझा बाप.

सोलांज : ‘सोलांज : अविवाहित. धाकट्या चार भावंडांना वाढवलं. बर्तील : तिसऱ्या रांगेत, त्याच घरी, एकट्या.’

बर्तील : आणि तुझी आई?

सोलांज : ‘आल्फोन्सीन : १९६१, बाळंतपणात, बाळासह. उशाशी शेजारीण होती.’

बर्तील : ते खोटं आहे, पोरी.

सोलांज : तुम्हीच आत्ता छापायला सांगितलंत, काकू.