प्रोग्रामची वाटणी

गारगोटीच्या गाडीच्या रांगेत संयोगिताच्या पुढं एक म्हातारी आणि चष्मेवाला तरुण बोलत उभे होते.

“काकू, पृथ्वीराजनं दुधाच्या डेऱ्यांसाठी केलेला फुकटचा कॉम्प्युटरचा प्रोग्राम हाय न्हवं, त्येचं चार भाग केलं.”

“मोडलास व्हय रं, यशराज?”

“न्हाय वो. लई मोठा झालता. दुधाचं माप एकीकडं, फॅट दुसरीकडं, असं येगळं केलं. आता ज्येला जेवढं पायजे तेवढंच घ्यावं, सुधरावं.”

“आन माझ्या पोराचं नाव?”

“तितंच चुकलो. पयल्यांदा नुसत्या फायली उचलून नव्या जागी ठेवल्या. बघतोय तर समद्या ओळींवर माझंच नाव!”

“मग?”

“पुसलं, जुन्या नोंदी संगं घिऊन परत पयल्यापास्नं केलं. आता त्येनं कुठली ओळ कवा लिवली, तारखेसकट दिसतंय.”

“लई दिस गेलं आसतील.”

“तीन आठवडं.”

म्हातारीनं त्याचा चष्मा काढून पदरानं पुसला.

“शेवटची ओळ कवाची त्येची?”

“दवाखान्यात नेलं, त्या सकाळची.”

“त्येच्याखाली कुणाची?”

“माझी, काकू.”

गाडी लागली. संयोगिता त्यांना ओलांडून पुढं गेली नाही.

“मग थांबू नगंस,” म्हातारी म्हणाली. “लिव की फुडं.”