दुसऱ्याने विचारलं तर?

हातातली नोकरी कशी घालवली ते ऐका. मी ऑपरेटिंग सिस्टिममध्ये एक सोय बनवली होती. प्रोग्रामच्या मेमरीत काय बदललं ते विचारलं की ती यादी द्यायची आणि लगेच बदलाच्या खुणा पुसून टाकायची. व्हिडिओ कॉलवर मुलाखत होती. बाबा रिटायर मास्तर, पण परीक्षा घ्यायची खाज काही जात नाही. “आधी मला दाखव.” दाखवलं, भली मोठी यादी आली.

मग मुलाखत घेणाऱ्या साहेबांसमोर तीच कमांड मारली. उत्तर आलं, काहीच बदललेलं नाही.

साहेब म्हणाले, “आणि दुसऱ्याने विचारलं तर?”



मागून बाबा म्हणाले, “साहेब, त्याचं असंच आहे. कॉलेज सोडलं तेव्हा आईला सांगितलं आणि विषय संपवला. मला त्याच्या वर्गातल्या शेलारच्या बहिणीकडून कळलं.”